तुम्ही सही का केलीत, सिस्टर?

कुंदा सिस्टर, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. माणूस गेला की त्याच्यावरचा राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही. रोज ऑफिसात आले की मी आधी तो कागद उघडते. ‘विषयतज्ज्ञ म्हणून मी हा अभ्यासक्रम तपासला असून तो मला मान्य आहे.’ खाली तुमची सही. एकही अक्षर न खाता केलेली, नाव-आडनाव सगळं सुटं सुटं वाचता येईल अशी. ती पाहिली की तुमच्याशी भांडायला तोंड उघडतं आणि समोर कुणी नसतं.

तुम्हाला तो मान्य नव्हता. मला माहीत होतं, टीममधल्या ओंकारला माहीत होतं, पल्लवीला माहीत होतं. मग सही का केलीत?

परवा तुमच्या दत्तवाडीच्या घरी भेटायला गेले होते. दोन खोल्या माणसांनी भरलेल्या. एक गृहस्थ म्हणाले, “फार शांत स्वभाव हो सिस्टरांचा.” तुमच्या भाचीनं, अश्विनीनं, माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघींनाही हसू आवरेना. शांत म्हणे! मला पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जावं लागलं. तिथे ओट्यापाशी उभी राहून हसता हसता रडले, त्याचाही तुमच्यावरच राग आला.

ऑफिसनं सगळ्यांना मेल पाठवली. ‘आमच्या बाह्य सल्लागार श्रीमती कुंदाताई यांचे दुःखद निधन झाले. त्यांचे योगदान संस्मरणीय राहील.’ कुठलं योगदान, ते लिहिणाऱ्याला सांगता आलं नसतं. आणि कुंदाताई? छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात उभं राहून तुम्ही ‘सिस्टर’ हे जे एक नाव कमावलंत, तेसुद्धा यांना धड लिहिता आलं नाही.

तुम्ही आमच्या खराडीच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. दोन बस बदलून आला होतात. सहाव्या मजल्यावरच्या आमच्या त्या काचेच्या खोलीत ताठ बसलात. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, मांडीवर दोनशे पानी वही. मी तुम्हाला काम समजावून सांगितलं. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलसाठी मोबाइलवरचा कोर्स करायचा होता. वॉर्डातल्या मावशी आणि मामांनी रुग्णाला कसं उचलायचं, कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं.

“आमच्या कामाला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात, सिस्टर.”

“म्हणजे तुम्ही शिकवता.”

“नाही. कसं शिकवायचं ते ठरवतो.”

“आणि शिकवतं कोण?”

“मोबाइल.”

“बरं,” तुम्ही म्हणालात. मी पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले, तरी ‘बरं’ या शब्दात इतकं काही कोंबता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मी कुणाचं काम काय ते सांगितलं. पल्लवी लिहिणार, ओंकार चित्रं काढणार, तुम्ही माहिती देणार आणि तपासणार, आणि मी टीमची प्रमुख म्हणून सगळं एकत्र बांधणार. प्रत्येकाचा रोल वेगळा, कुणी कुणाच्या रोलमध्ये हात घालायचा नाही. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि विचारलंत, “आणि चुकलं तर?”

“चुकलं तर सगळ्यांचीच जबाबदारी.”

“म्हणजे कुणाचीच नाही,” असं म्हणून तुम्ही वहीचं पान उलटलंत.

आठवड्याभरात तुम्ही मला ‘अगं मुक्ता’ म्हणायला लागलात आणि त्याच आठवड्यात माझी सगळी घडी विस्कटून टाकलीत. ओंकारनं पलंग काढला, तर तुम्ही म्हणालात, चाकाचा ब्रेक लागलेला नाही, पलंग सरकेल आणि पेशंट खाली पडेल. त्यानं चित्रात ब्रेक लावला. मग तुम्हाला रुग्णाचा गाऊन मागून उघडा दिसला. “चित्रातल्या माणसालाही अब्रू असते, ओंकार.” त्यानं गाऊन बंद केला. मग खिडकी. मग उशी. एका चित्राच्या पाच फेऱ्या झाल्या. पल्लवीनं लिहिलं होतं, ‘रुग्णास पार्श्वस्थितीत स्थानांतरित करावे.’ तुम्ही तिच्या टेबलापाशी जाऊन मोठ्यानं वाचलंत आणि म्हणालात, “हे वाक्य संपेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल. ‘कुशीवर वळवा’ असं लिहायला काय होतं?”

दोघंही माझ्याकडे आले. ओंकार म्हणाला, मला कुणाचं ऐकायचंय ते एकदा सांग. पल्लवी म्हणाली, भाषा माझी आहे की सिस्टरांची? तुम्हाला वाटायचं मी उगाच नियम दाखवते. नाही, सिस्टर. याआधी एक कोर्स मी असाच बुडताना पाहिलेला होता. सगळे सगळंच करत होते, शेवटचा शब्द कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तीन माणसं एकमेकांचं तोंड न बघण्याइतकी दुरावली. टीम सांभाळायची तर कुणीतरी कुंपण घालावंच लागतं. हे मी तुम्हाला नीट बसून कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला. वॉर्ड चालवलेला होता तुम्ही, कुणी काय करायचं हे तुम्हाला काय माझ्याकडून शिकायचं होतं?

पण त्याच दिवसांतली ती दुपारही मला विसरता येत नाही. ओंकारला वळवण्याची चित्रं जमत नव्हती. तुम्ही मीटिंगच्या टेबलावरचे लॅपटॉप बाजूला करायला लावलेत आणि मला म्हणालात, “चढ गं वर.” ऑफिसातल्या टेबलावर मी आडवी झाले. काचेपलीकडून अख्खी सेल्स टीम बघत होती. तुम्ही माझ्या समोर, मला दिसाल अशा उभ्या राहिलात. “मुक्ता, मी आता तुला उजव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल?” आणि थांबलात. मी हसत होते, माझ्या लक्षातच येईना की तुम्ही खरोखरच उत्तराची वाट बघताय. “हो, चालेल,” म्हणाले, तेव्हा कुठे तुमचा हात माझ्या खांद्याला लागला. तोवर माझं अंग आपोआप सैल सुटलं होतं. ओंकारनं भराभर रेखाटनं केली. मी खाली उतरले, कुर्ता झटकला आणि लगेच विसरून गेले.

विसरले म्हणूनच पुढचं करू शकले.

क्लायंटनं वीस मिनिटांचा कोर्स सांगितला होता. ड्यूटीत मावशींना तेवढाच वेळ मिळतो. आमचा झाला होता तेवीस मिनिटांचा. आणि त्यात बरोबर तीन मिनिटांचा तुमचा पहिला भाग होता, ‘हात लावण्याआधी’. रुग्णाला दिसाल असे उभे राहा. आपलं नाव सांगा. काय करणार ते सांगा. मग थांबा. एवढंच.

मीटिंगला आपण चौघं होतो. मी म्हणाले, “सिस्टर, या भागावर प्रश्न काय विचारायचा? प्रत्येक भागाच्या शेवटी चाचणी लागते. शिकणाऱ्याला काय जमलं ते मोजता आलं पाहिजे.”

“थांबणं कसं मोजणार?”

“तेच म्हणतेय मी.”

“मोजता येत नाही म्हणून काढायचं?”

“काढत नाही. एका ओळीत घेऊ. ‘रुग्णाशी संवाद साधा.’”

“संवाद नाटकात असतात, मुक्ता. वॉर्डात माणसं बोलतात.”

ओंकार फसकन हसला. पल्लवीनं मान खाली घातली, पण तीही हसत होती. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “सिस्टर, तुमचा रोल माहिती देण्याचा आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं, तो रोल माझा आहे. आणि प्रत्येक गोष्टीत तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही.”

शेवटचं वाक्य नसतं बोलले तरी चाललं असतं. तुम्ही वही मिटलीत. “बरोबर आहे, मॅडम. तुम्ही ठरवा.”

मॅडम. आणि ‘तुम्ही’. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी मॅडम झाले ती झालेच.

पुढचे दोन आठवडे तुम्ही विचारल्याशिवाय एक शब्द बोलला नाहीत. चित्र समोर ठेवलं की “ठीक.” मजकूर ठेवला की “ठीक.” आणि आता हे ऐका, कारण हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला बरं वाटलं. काम झरझर पुढे सरकलं. ओंकारची चित्रं एका फेरीत मंजूर होऊ लागली. वरच्यांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं की प्रत्येकाची भूमिका स्पष्ट केल्यामुळे कामाचा वेग वाढला. मला शाबासकी मिळाली. तुमच्या गप्प बसण्याची शाबासकी मी घेतली, सिस्टर.

सहीच्या दिवशी तुम्ही उशिरा आलात. तुमचा उशीर मी पहिल्यांदाच पाहत होते. चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, अजून फुगल्या आहेत. तुम्ही सगळा कोर्स शेवटपर्यंत पाहिलात आणि ‘रुग्णाशी संवाद साधा’ या ओळीपाशी थांबलात. बराच वेळ थांबलात. मी पाहिलं होतं. त्या क्षणी मी ‘काही आहे का, सिस्टर?’ असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, “झालं ना, सिस्टर?”

तुम्ही म्हणालात, “झालं.” आणि सही केलीत.

ब्रेकसाठी भांडलात. गाऊनच्या नाड्यांसाठी भांडलात. एका उशीसाठी ओंकारला तासभर उभं केलंत. आणि जे सगळ्यांत महत्त्वाचं होतं, तिथे “झालं”?

तुम्ही आजारी आहात हे मला ओंकारनं सांगितलं, हॉस्पिटलात कोर्स सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. पोटात गाठ आहे, पसरली आहे, आणि सहीच्या दिवशी सकाळी तुम्ही त्याचाच रिपोर्ट घेऊन थेट ऑफिसला आला होतात. कँटीनमध्ये चहा पिताना तुम्ही त्याला सांगितलं होतंत आणि कुणाला बोलायचं नाही असं वचन घेतलं होतंत. मी त्याच्यावर ओरडले. “मला का नाही सांगितलं त्यांनी?”

तो म्हणाला, “मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मॅडमना विषयाबाहेरचं चालत नाही.”

मीटिंग भरकटली की ते वाक्य मीच म्हणायची. विषयाबाहेरचं नको. तुम्ही ते बरोबर उचललंत आणि जिथे लागायचं तिथे मारलंत. शाबास.

अश्विनीनं तुम्हाला त्याच हॉस्पिटलात दाखल केलं होतं, ज्यांच्यासाठी आपण कोर्स केला. मी भेटायला आले तेव्हा दुपारची भेटीची वेळ होती. तुम्ही केवढ्याशा झाला होतात. मला पाहून म्हणालात, “या मॅडम, बसा.” अश्विनी औषधं आणायला खाली गेली. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात एक मावशी आणि एक मामा आत आले. मामा दाराशी उभं राहून मोबाइलवर कुणाला तरी पत्ता सांगत होते. मावशींनी पलंगाचा ब्रेक पाहिला, गाऊन नीट केला, चादर दोन्ही हातांनी पकडली आणि एका झटक्यात तुम्हाला वळवलं. तुमच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या कानातून जात नाही.

“अहो मावशी, आधी सांगा तरी त्यांना!” मी ओरडले.

मावशी दचकल्या. “काय सांगायचं?”

“तुम्ही तो मोबाइलवरचा कोर्स केला ना?”

“केला की. शंभर टक्के पडले मला. सर्टिफिकेट बी आलंय. ब्रेक बघितला, कापडं नीट केली. दोन तासांनी कूस बदलायची, ती बदलली. आधी सांगायचं असं कुटं हाय त्यात?”

उत्तर पलंगावरून तुम्ही दिलंत, डोळे मिटलेलेच होते. “नाही त्यात ते. मॅडमनी काढलं.”

मावशींच्या वाट्याला त्या मजल्यावर अकरा रुग्ण होते. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना जे शिकवलं होतं ते त्या बिनचूक करत होत्या.

मग तुम्ही डोळे उघडलेत. “इकडे या. मला दिसाल अशा उभ्या राहा. नाव काय तुमचं?”

“मंगल.”

“मला सांगा, आजी, मी मंगल. तुम्हाला पाठीवर करणार आहे.”

“आजी, मी मंगल,” मावशी लाजत म्हणाल्या. “तुमाला पाठीवर करनार हाय.”

“आता थांबा.”

“किती?”

“मी हो म्हणेपर्यंत.”

मंगलमावशी थांबल्या. दाराशी मामांचं फोनवरचं बोलणंसुद्धा थांबलं. तुम्ही दोन श्वास घेतलेत आणि “हो” म्हणालात. त्यांनी वळवलं. या वेळी तुम्ही ओरडला नाहीत. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, सिस्टर. मी तीन मिनिटं वाचवायला तो भाग काढला होता.

ते दोघं गेले आणि मी विचारलं. विचारायला नको होतं, तुम्हाला धाप लागली होती. पण विचारलं. “तुम्ही सही का केलीत?”

“दमले होते.”

“हे कारण नाही.”

“तुला नाही वाटणार. तू अजून दमलेली नाहीस.” पुष्कळ दिवसांनी ‘तू’ म्हणालात. मग पुढचं बोललात, आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. “आणि रागही होता. म्हटलं, करू दे हिला. चुकू दे. म्हणजे कळेल.”

“कळलं कुणाला?” माझा आवाज चढला. दवाखान्यात, पलंगावरच्या माणसाशी मी भांडत होते. “मला नाही कळलं. मला शाबासकी मिळाली. कळलं ते या पलंगांवर पडलेल्या लोकांना. आपलं दोघींचं भांडण आणि अंग त्यांचं दुखलं. तुम्ही सिस्टर होतात ना? तुम्ही असं करायचं?”

“हो,” म्हणालात. “मी असं करायला नको होतं.”

तुम्ही चूक कबूल केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आणि मी काय केलं? माझीही चूक झाली, असं म्हणाले नाही. जिभेवर आलेलं होतं. अश्विनी औषधं घेऊन आत आली, मी पर्स उचलली, “येते मी” म्हणाले आणि निघाले. खाली रिक्षात बसल्यावर वाटलं, उद्या येऊन बोलू. उद्या एका नव्या कोर्सची मीटिंग होती. परवा मी अजून रागावलेली होते. सहाव्या दिवशी अश्विनीचा फोन आला.

सहा दिवस वाट बघायला काय झालं होतं तुम्हाला, असं म्हणणार होते. तुम्ही सहा दिवस वाट पाहिलीत. आले नाही ती मी.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागातल्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, कोर्समध्ये चूक आहे, दुरुस्त करायचा आहे. ते म्हणाले, “कसली चूक? सगळे शंभर टक्क्यांनी पास होतायत.” म्हटलं, तीच चूक आहे. त्यांनी तुमच्या सहीचा कागद मला परत पाठवला. ‘विषयतज्ज्ञांना मान्य असताना बदल कशासाठी?’ मी आमच्या वरिष्ठांकडे गेले. त्यांनीही तोच कागद उघडला. “सिस्टरनी स्वतः मान्य केलंय. आता त्या नाहीत. कुणाच्या शब्दावर बदलायचं?”

“माझ्या.”

“तुझा रोल वेगळा आहे, मुक्ता.”

अशी तुमची सही दोनदा माझ्या तोंडावर बसली. जिवंत असताना तुम्हाला गप्प करायला मी पुरेशी होते. आता तुमच्याच सहीनं सगळे मिळून मला गप्प करत होते. म्हणून तुमचा राग येतो, सिस्टर. मी चुकले, ते माझं मी निस्तरेन. पण तुम्ही त्या चुकीवर शिक्का मारून निघून गेलात.

दोन दिवसांनी दुपारी मी पुन्हा हॉस्पिटलात गेले. मावशी लोक जिन्याच्या कडेला डबे खात बसतात. मंगलमावशींनी मला ओळखलं, सरकून जागा दिली आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत होतं.

“आजींनी सांगितलं तसं मी करती,” त्या म्हणाल्या. “दर टायमाला न्हाई जमत. येळ कुटं हाय? पर करती. एक आजोबा हायेत कोपऱ्यातल्या खाटंवर. त्यांना म्हटलं, आजोबा, मी मंगल, तुमाला कुशीवर करनार हाय. तर ते म्हनले, नको. आता काय करायचं? आजींनी हो म्हनेपर्यंत थांबा म्हनून सांगितलं. नको म्हनलं तर काय, ते न्हाई सांगितलं.”

मी मोबाइलवर तुमचा मूळ मसुदा उघडला, न कापलेला, तीन मिनिटांचा. सगळा वाचला. त्यात नाही ते. तुम्हीसुद्धा ते विसरला होतात! आणि का, तेही कळलं मला. तुम्हाला ‘नको’ म्हणायची कुणा पेशंटची छाती झाली असेल? छत्तीस वर्षांत सगळे ‘हो’च म्हणाले असणार. तिथे जिन्यात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला तुमचं बिनरागाचं हसू आलं.

“मला माहीत नाही, मावशी,” मी म्हणाले. “तुम्ही काय केलंत?”

“काय करनार? म्हटलं, बरं आजोबा, धा मिंटांनी येती. आन् गेली. धा मिंटांनी परत आली, तवा आजोबा म्हनले हो.”

परवानगी नव्हती, तरी तो भाग आम्ही पुन्हा केला. पल्लवीनं मंगलमावशींचीच वाक्यं घेतली, एकही शब्द जड केला नाही. ओंकारनं चित्रात ते कोपऱ्यातले आजोबा आणले. शेवटी चाचणी नाही. मी नवा कागद केला, विषयतज्ज्ञाच्या जागी मंगलमावशींचं नाव घातलं, आणि त्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनीही खाली सही केली. प्रशिक्षणवाले साहेब म्हणाले, “मॅडम, मावशी एक्स्पर्ट?” मी म्हणाले, “तुमच्याच कोर्सला शंभर टक्के आहेत त्यांना.” त्यांनी कागद ठेवून घेतला. पण म्हणून सगळं मान्य झालं असं समजू नका. एका वॉर्डात, एक महिना, बघू म्हणाले. बाकी सगळ्या मजल्यांवर अजून ‘रुग्णाशी संवाद साधा’च चालू आहे. मी भांडते आहे.

सोमवारी तो नवा भाग वॉर्डात जाईल. एकच गोष्ट अडली आहे. नको म्हटलं तर किती वेळानं परत यायचं? मावशी दहा मिनिटं म्हणतात. तुम्ही म्हणाला असतात, दहा मिनिटांत मावशी दुसऱ्या कामाला लागते, परत येत नाही, पाच लिहा. मी म्हणाले असते, पाच मिनिटांत कुणाच्या ‘नको’चा ‘हो’ होत नसतो. ओंकार म्हणतो दहा. पल्लवी म्हणते आकडा नकोच. ठरवायचं मला आहे, आणि काल दिवसभर मी तुमच्या बाजूनं बोलत राहिले, मग तुमच्या विरुद्ध बोलत राहिले, आणि शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहून लॅपटॉप मिटले.

दहा ठेवलं आहे, सिस्टर. मला खात्री नाही.